उझी माशी आणि गोठ्यातली माशी एकच का? आधी ती औषधाची बाटली खाली ठेवा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय का तेही कळेल आणि बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची बीडकडे रेशमाची शेड आहे, २०० अंडीपुंजांची (एक पुंज म्हणजे एका पतंगाने घातलेली अंडी) बॅच चालू आहे, अळ्या पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत आहेत, काहींच्या अंगावर पांढरा ठिपका दिसतोय आणि काहींना काळा डाग पडलाय. मागच्या बॅचला कोषांना गोल भोकं पडली होती आणि चंद्रिकेखाली, म्हणजे अळ्या ज्या चौकटीवर कोष बांधतात तिच्याखाली, पांढऱ्या अळ्या वळवळताना सापडल्या होत्या. शेडपासून वीस-पंचवीस फुटांवर म्हशींचा गोठा आहे, त्यातल्या एका म्हशीच्या जखमेत त्याच दिवसांत किडे पडले, त्यामुळे तुमच्या आईचं म्हणणं की हा सगळा त्या गोठ्यातल्या माश्यांचाच उद्योग आहे. आणि तुम्ही विचारलंय की गोचीड-माश्यांसाठी जनावरांवर जे औषध फवारतो तेच शेडच्या खिडक्या आणि कोपऱ्यांना मारलं तर चालेल का.

नाही चालणार. तेवढं आधी वाचा आणि मग बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. ती गोठ्याची औषधं बहुतेक सिंथेटिक पायरेथ्रॉइड असतात, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे, आणि रेशमाची अळी ही शेवटी एक अळीच आहे, तिला ह्या औषधाचा अगदी किरकोळ अंशसुद्धा सहन होत नाही. माशी मरेल की नाही सांगता येत नाही पण बॅच नक्की जाईल. गोठ्यात फवारायचंच असेल तर वारा शेडकडे किंवा तुतीच्या प्लॉटकडे नाही ना ते बघा, फवारणाऱ्या माणसाने त्याच कपड्यांनी आणि त्याच हातांनी पाला घालायला जाऊ नये. ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता कुणाच्या शेडवर गेलो की माशीच्या आधी हेच विचारतो.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलाय औषधाबद्दल, पण मला वाटतं अडचण अशी आहे की तुमच्या आवारात किमान तीन-चार वेगवेगळ्या माश्या आहेत आणि तुम्ही सगळ्यांना मिळून 'माशी' असा एकच शब्द वापरताय. माशी कोणती हे कळलं की ती अंडी कुठे घालते, पिल्लू कुठे वाढतं आणि कुठे जाऊन कोष करतं हे कळतं, आणि तिला नेमकं कुठे गाठायचं ते त्यावरूनच ठरतं. मी वीसेक वर्षं रेशीम उत्पादकांबरोबर काम करतोय, त्याच्या आधी कीटकशास्त्र शिकलो, आणि शिकताना वर्गीकरणाचा जाम कंटाळा यायचा, घराण्यांची नावं पाठ करून काय मिळणार असं वाटायचं. शेडवर आल्यावर कळलं.

एक गोष्ट बोलण्याच्या सोयीसाठी. माशीच्या पिल्लाला मी मॅगट म्हणणार आणि रेशमाच्या अळीला अळी. नाहीतर कोण कुणाला खातंय तेच कळेनासं होतं.

माश्या म्हणजे डिप्टेरा, दोन पंखांवाले कीटक. बाकी बहुतेक कीटकांना चार पंख असतात, माश्यांना मागच्या जोडीच्या जागी दोन छोटे गोळेवाले दांडे असतात, उडताना तोल सांभाळायला. डासही ह्यातलेच. जगात दीड लाखाहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. लोकांना वाटतं परजीवी माश्या म्हणजे त्यातला एक वेगळा गट असेल, तसं नाहीये. दुसऱ्याच्या जिवावर जगायचा धंदा वेगवेगळ्या घराण्यांनी आपापला, स्वतंत्रपणे शोधलाय, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. म्हणून 'परजीवी माशी' म्हटल्याने मला काहीच कळत नाही, जसं 'गाडी' म्हटल्याने सायकल की ट्रक ते कळत नाही.

तुमच्या शेडमधली जी आहे, वर्णनावरून, ती उझी माशी. शास्त्रीय नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, घराणं टॅकिनिडी. ह्या घराण्यात साडेआठ हजारांच्या आसपास जाती आहेत आणि माहीत असलेल्या सगळ्यांची पिल्लं दुसऱ्या कीटकाच्या, फारतर त्याच्यासारख्याच एखाद्या संधिपाद प्राण्याच्या, अंगात वाढतात. म्हशीच्या जखमेत, माणसात, कोंबडीत टॅकिनिड वाढत नाही. तेव्हा आईंना एवढं नक्की सांगा की म्हशीच्या जखमेतली माशी आणि अळीवरची माशी ह्यांचा एकमेकींशी संबंध नाही, अगदी लांबचं नातं सोडलं तर.

आणि हो, टॅकिनिड नुसत्या परजीवी नाहीत. गोचीड जनावराचं रक्त पिते पण जनावर जिवंत ठेवते, जनावर मेलं तर तिचंच नुकसान. टॅकिनिडचं मॅगट आधी यजमान अळीला खात-पीत राहू देतं, जीव जाईल असे अवयव शेवटपर्यंत टाळतं आणि मग शेवटी मारूनच बाहेर येतं. म्हणजे निम्मी परजीवी, निम्मी शिकारी. पुस्तकात ह्याला पॅरासिटॉइड म्हणतात. शेतात हाच गुण आपल्या उपयोगी पडतो, उसाच्या खोडकिडीवर स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स नावाची टॅकिनिड आपल्याकडे मित्रकीटक म्हणून वापरतात, हरभऱ्यातल्या घाटेअळीवर कार्सेलिया इलोटा सापडते. उझीचा गुन्हा एवढाच की आपण जी एक अळी जीव लावून पाळतो नेमकी तीच तिला आवडते. घाटेअळीवर बसली असती तर आपण तिचे सत्कार केले असते.

उझी हे नाव जपानीतून आलंय, 'उजी' म्हणजे तिथे मॅगट. गंमत म्हणजे जपानची मूळ उजी माशी वेगळीच आहे, तीही टॅकिनिडच, पण ती अळीच्या अंगावर अंडी न घालता तुतीच्या पानावर अगदी बारीक अंडी घालते आणि अळी ती पानाबरोबर गिळते. आपली उझी थेट अळीच्या कातडीवर अंडं चिकटवते. घराणं तेच, तरी पद्धतीत एवढा फरक, आणि उपायातही फरक पडतो, कारण तिकडे पाला संशयित आहे आणि इकडे दार-खिडकी. आपल्याकडे ही माशी बंगालमध्ये पूर्वीपासून होती, दक्षिणेत नव्हती. १९८० मध्ये ती कर्नाटकात पोचली, बंगालहून आलेल्या कोषांबरोबर, आणि तिथल्या रेशीमवाल्यांचं पार कंबरडं मोडलं. 'कोषांबरोबर' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आपल्या विदर्भात गडचिरोली-भंडाऱ्याकडे जे टसर (जंगली झाडांवरच्या अळ्यांचं रेशीम) करतात त्यांना त्रास देणारी उझी अजून वेगळी, ब्लेफॅरिपा झेबिना, तिथल्या माणसाने माझं हे उत्तर जसंच्या तसं वापरू नये.

आता हिचं आयुष्य, कारण सगळं ह्यातच आहे. मादी आयुष्यात तीनशेपासून हजारापर्यंत अंडी घालते, पण एका अळीवर साधारण एक किंवा दोनच. अंडं दुधी पांढरं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढं, डोळ्याला दिसतं. बहुतेक वेळा दोन वळ्यांच्या मधल्या खाचेत असतं. तिला चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या मोठ्या अळ्या जास्त आवडतात. दोन ते पाच दिवसांत अंडं फुटतं आणि मॅगट खालच्या खाली कातडी पोखरून आत जातं. तुम्हाला दिसतो तो काळा डाग इथे तयार होतो, आणि हा प्रकार मला अजूनही भारी वाटतो. अळीचं शरीर आत आलेल्या परक्या वस्तूभोवती पेशी गोळा करून काळं कवच बांधायला जातं, तो तिचा बचाव. मॅगट त्याच कवचाचं नरसाळं करून घेतं, शेपटाकडचा भाग त्या भोकाशी ठेवतं, कारण त्याच्या श्वासाची छिद्रं शेपटाकडे असतात, आणि तोंड आत ठेवून खात राहतं. म्हणजे अळीने मारायला बांधलेली भिंत हा त्याचा श्वासाचा पाइप.

आत पाच ते आठ दिवस राहून मॅगट बाहेर पडतं. अंडं आधी पडलं असेल तर अळी कोष करायच्या आतच मरते. पाचव्या अवस्थेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर पडलं असेल तर अळी कोष बांधते आणि मॅगट कोष फोडून येतं. धागा हजार मीटरच्या आसपास अखंड असतो, भोक पडलं की तो तुकड्या-तुकड्यांचा झाला, रिलिंगच्या, म्हणजे धागा उलगडून काढायच्या, दृष्टीने तो कोष वाया गेला. तुमच्या मागच्या बॅचची भोकं ही. बाहेर आलेल्या मॅगटला उजेड नको असतो, ते खाली पडतं आणि अंधाराकडे सरपटत जातं, भेगेत, मातीत, रॅकच्या पायाशी, गोणपाटाखाली, आणि काही तासांत, उशिरात उशिरा एका दिवसात, आक्रसून लालसर-तपकिरी कॅप्सूलसारखं होतं. माशीचं हे वैशिष्ट्य की ती वेगळा कोष विणत नाही, स्वतःची शेवटची कातडीच कडक करून त्यात बसते. त्यातून दहा-बारा दिवसांनी माशी निघते, डोक्यावरची एक पिशवी फुगवून झाकण उडवते आणि मातीतून वर येते. माशी पुढे दोन-तीन आठवडे जगते.

आता हिशोब करा. अंड्यापासून माशीपर्यंत तीन आठवड्यांच्या आसपास. तुमची बॅच संपते, शेड धुता, पुढची चॉकी (लहान वाढवलेल्या अळ्या) आणता, आणि नव्या अळ्या मोठ्या होईपर्यंत मागच्या बॅचच्या मॅगटांच्या माश्या होऊन तयार बसलेल्या असतात. बाहेरून कुणी यायची गरजच नाही. गोठा तर नाहीच नाही.

तरी खात्री करून घ्या, मी फोटो बघितलेला नाही, वर्णनावर बोलतोय. माशी पकडून बघा. उझी चांगली मोठी, १० ते १२ मिलिमीटर, काळपट राखाडी, पोटावर राठ केस. सगळीकडे सांगतात की उझीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात, ते खरंय, पण घरमाशीच्याही पाठीवर चार पट्टेच असतात, आणि ह्या खुणेवर विसंबून लोकांनी घरमाश्या मारून उझीचा बंदोबस्त केल्याचं समाधान मानलेलं मी पाहिलंय. घरमाशी सहा-सात मिलिमीटरची, आकारात जवळपास निम्मी, आणि पोटावर तसे राठ केस नसतात. तीन पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतील तर ती मांसमाशी, सार्कोफॅगिडी घराण्यातली, ती अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं टाकते आणि शेडमध्ये बहुतेक वेळा मेलेल्या अळ्यांवर येते. आणि अगदी चिमुकली, उडायच्या ऐवजी तुरुतुरु पळणारी पाठीत कुबड असलेली माशी दिसली तर तीही मेलेल्यावर येणारी. ह्या दोघी दिसल्या तर माशीच्या मागे न लागता अळ्या कशाने मरतायत ते शोधा, ग्रासेरी असेल, फ्लॅचरी असेल, असे अळ्यांचे रोग. माशी नंतर आलेली आहे.

काळ्या डागाचंही तसंच. उझीचा डाग मोठा, एखाद-दुसरा, बऱ्याचदा शेजारी अंड्याचं रिकामं टरफल. अंगभर मिरपूड टाकल्यासारखे बारीक ठिपके असतील तर पेब्रिन ह्या अळ्यांच्या रोगाची शंका घ्या आणि त्याच दिवशी तुमच्या रेशीम कार्यालयाच्या तांत्रिक माणसाला बोलवा, तो विषय माशीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. भोकाचं म्हणाल तर कोष काढायला उशीर झाला की पतंगही भोक पाडून बाहेर येतो, पण ते मोठं आणि ओलसर कडांचं असतं आणि शेजारी पतंग सापडतो.

आता गोठ्याकडे येऊ, कारण आईंचा प्रश्नही रास्त आहे. जखमेत किडे पडतात, आसडी पडली म्हणतात, ते कॅलिफोरिडी घराण्याचं काम, चमकदार निळ्या-हिरव्या माश्या. त्यांतही दोन प्रकार. बऱ्याचशा सडक्या मांसावर येतात, जखम सडली असेल तर तिथेही. पण क्रायसोमिया बेझियाना नावाची एक आहे, तिची पिल्लं फक्त जिवंत मांसावरच वाढतात. मादी जखमेच्या काठावर दीडशे-दोनशे अंडी एका गठ्ठ्यात घालते, एका दिवसाच्या आत ती फुटतात, आणि मॅगट डोकं खाली करून स्क्रूसारखे आत घुसतात, अंगावर काट्यांची वर्तुळं असतात त्यामुळे ओढून निघत नाहीत. पाच-सात दिवसांत जखम खोल करून खाली पडतात आणि मातीत कोष करतात. नवीन वासराची नाळ ही हिची आवडती जागा, गोचिडीने चावलेली जागासुद्धा पुरते. टर्पेंटाईनचा बोळा घालायची पद्धत आपल्याकडे आहे, पण खोल जखमेला तेवढ्यावर थांबू नका, पशुवैद्यकांना दाखवा, आतले सगळे मॅगट निघाले पाहिजेत आणि इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. निघालेले मॅगट गोठ्यात झटकू नका, गरम पाण्यात टाका, नाहीतर आठ-दहा दिवसांनी तुमच्याच गोठ्यात माश्या.

थोडं विषयांतर, पण सांगायचा मोह होतो. अमेरिकेत हिचीच चुलत बहीण, नवी स्क्रूवर्म, जनावरांना छळायची. शास्त्रज्ञांनी कोट्यवधी नर किरणोत्साराने वंध्य करून सोडले. मादी आयुष्यात साधारण एकदाच जोडी करते, ती वाया गेली की संपलं. १९५४ मध्ये क्युरासाव नावाच्या बेटावर हा प्रयोग जमला आणि पुढे त्या जोरावर अमेरिका देशातून (यूएसए) ती माशी हटवली. म्हणजे औषध सोडून माशीच्या लग्नाच्या सवयीवर मारा केला. बायॉलॉजी समजली की असे मार्ग सापडतात.

गोठ्यात बाकी कोण असतं? शेणात वाढणारी घरमाशी, पायाला टोचून रक्त पिणारी स्टोमॉक्सिस, आणि शेपटीखाली, कासेजवळ खेकड्यासारखी तिरकी पळणारी चपटी, चिवट माशी, जिला कुणी गोमाशी म्हणतं कुणी घोडामाशी, चिमटीत धरून दाबली तरी मरत नाही ती. ती हिप्पोबॉसिडी घराण्यातली आणि तिची तऱ्हा फारच न्यारी आहे, अंडी घालतच नाही, एका वेळी एकच पिल्लू पोटात वाढवते, तिथेच त्याला दुधासारखा द्रव पाजते, आणि पूर्ण वाढलं की बाहेर टाकते, ते बाहेर पडल्यावर काहीही न खाता लगेच कोष होतं. उझी हजारापर्यंत अंडी घालते आणि ही आयुष्यात मोजकी पिल्लं. पण उझीच्या अंड्यांतली बरीच वाया जातात, अळीने कात टाकली तर न फुटलेलं अंडं कातेबरोबर गळून जातं, आणि हिचं एकही पिल्लू उघड्यावर उपाशी फिरत नाही. शेळ्या-मेंढ्या असतील तर त्यांच्या नाकात पिल्लं सोडणारी ऑस्ट्रस ओव्हिसही असेल, मेंढ्या सारख्या शिंकतात, नाकं जमिनीला घासतात ती हीच. पण ह्यांतली एकही रेशमाच्या अळीत वाढत नाही. गोठा लांब असावा हे स्वच्छतेसाठी ठीक आहे, उझीसाठी गोठा हलवायचा खर्च करू नका.

तर आता काय करायचं. इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की बरंचसं तुमच्या शेडवर अवलंबून आहे. जमीन मातीची की कोब्याची, शेजारी किती जण रेशीम करतात आणि त्यांच्या बॅचेस तुमच्या पुढे-मागे चालतात का, दाराला जाळी आहे का, आणि हंगाम कोणता. पावसाळ्यात हिचा जोर जास्त, उन्हाळ्यात कमी. मातीच्या जमिनीची शेड, गावात पंधरा जण, आणि प्रत्येकाची बॅच वेगळ्या तारखेला, असं असेल तर माशीला वर्षभर पंगत बसलेलीच आहे, एकट्या तुमच्या प्रयत्नाने ती शून्यावर येणार नाही, कमी होईल.

आत गेलेल्या मॅगटला मारायचा उपाय नाही. अळीला धक्का न लावता आतलं मॅगट मरेल असं औषध मला माहीत नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. ह्या बॅचमध्ये डाग पडलेल्या अळ्या वेचून वेगळ्या करा. ज्यांना अजून नुसतं पांढरं अंडं आहे त्यांच्यासाठी उझीसाइड म्हणून अंडी मारणारा फवारा मिळतो, मूळ घटक बेंझोइक अॅसिड, तो अळ्यांच्या अंगावर मारायचा असतो, लेबलप्रमाणे, पण कातेवर बसलेल्या, म्हणजे कात टाकायला थांबलेल्या, अळ्यांवर अजिबात मारायचा नाही. अंडं फुटून मॅगट आत गेल्यावर त्याचा उपयोग शून्य, म्हणून तारखा सांभाळून वापरावा लागतो, डाग बघून मारून काही होत नाही.

पण माझ्या अनुभवात खरा फरक दोन टोकांना पडतो, माशी आत यायच्या जागी आणि मॅगट खाली पडतं त्या जागी. जाळी सगळे लावतात, खिडकीला लावतात आणि दार सताड उघडं ठेवून पाल्याचे भारे आत नेतात. दाराच्या बाहेर जाळीची एक छोटी खोली काढा, एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, पाल्याचा भारा त्या खोलीत झटकून मग आत. खिडकीच्या आत-बाहेर पांढऱ्या ट्रेमध्ये उझी ट्रॅपच्या गोळ्या पाण्यात विरघळवून ठेवा, माश्या येऊन बुडतात, आणि किती बुडाल्या ते रोज मोजा, तोच तुमचा धोक्याचा भोंगा.

दुसरं टोक म्हणजे मॅगट. कोष बांधायला सुरुवात झाल्यापासून कोष विकेपर्यंत रोज सकाळी चंद्रिकेखालून, कोपऱ्यातून मॅगट आणि त्या तपकिरी कॅप्सूल झाडून गोळा करा, साबणाच्या पाण्यात टाका. चंद्रिकेखाली प्लास्टिकचा कागद अंथरला आणि कडा वर वळवल्या की काम सोपं होतं. भेगा बुजवा. मातीची जमीन असेल तर ह्या वर्षी दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, कोबा करून घ्या.

इथे माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एक छोटी बॅच घेतली होती, कोष चांगले झाले, बाजारात न्यायला दोन दिवस उशीर होता म्हणून गोण्या घरातल्या मागच्या खोलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गोणीखाली दहा-वीस मॅगट होते, बायकोने झाडून टाकले, मीही मनावर घेतलं नाही. जे दिसले ते तेवढेच होते, बाकीचे फरशीच्या सांध्यात गेले होते. बारा दिवसांनी त्या खोलीच्या खिडकीवर माश्याच माश्या, आणि शेड तिथून हाकेच्या अंतरावर. पुढच्या बॅचला शंभरातले वीस-बावीस कोष भोकाचे निघाले. शास्त्र शिकलेला माणूस होतो मी, पुस्तकात सगळं वाचलेलं होतं. तेव्हापासून कोष काढले की एक तर लगेच विक्री नाही तर वाळवणी, आणि गोण्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात. १९८० ला बंगालहून माशी जशी गेली तशीच ती आजही कोषांच्या गोण्यांतून फिरते, जालन्याच्या कोष बाजारात म्हणा की कर्नाटकातल्या रामनगरला म्हणा, दहा गावांच्या गोण्या एका ठिकाणी येतात आणि रिकाम्या गोण्या परत दहा गावांना जातात.

शेवटचा आणि मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे उझीवर सोडायचा परोपजीवी. नेसोलिंक्स थायमस नावाची चिमुकली गांधीलमाशीच्या जातीची, डोळ्याला ठिपक्याएवढी दिसते, अळीला काही करत नाही, उझीची तपकिरी कॅप्सूल शोधून त्यात अंडी घालते आणि एका कॅप्सूलमधून माशीच्या जागी ह्यांचीच झुंड निघते. पाकिटं मिळतात, १०० अंडीपुंजांना दोन हा हिशोब. पाचव्या अवस्थेत संध्याकाळी शेडमध्ये टांगायची, मग कोष बांधताना तीच पाकिटं चंद्रिकेजवळ, आणि त्यानंतर जिथे अळ्यांच्या बेडचा कचरा टाकता त्या खड्ड्यापाशी. लोक पहिली जागा करतात आणि नंतरच्या दोन विसरतात, आणि कॅप्सूल तर नंतरच्या दोन जागीच जास्त असतात. ही सोडली की शेडमध्ये माशीचं कुठलंही औषध मारायचं नाही हे ओघानेच आलं. शेजारच्यांनीही सोडली तर अजून चांगलं, गावाने मिळून ऑर्डर दिली तर पाकिटं वेळेवर यायलाही सोपं जातं.

तुमच्यापुरतं आत्ताचं काम एवढंच की डागाच्या अळ्या वेचा, दाराला जाळीची खोली करा, चंद्रिकेखाली प्लास्टिक अंथरा, नेसोलिंक्सची पाकिटं आजच सांगून ठेवा. म्हशीची जखम वेगळी, तिला डॉक्टर.

आणि एक करा, माझी उत्सुकता समजा. प्लास्टिकवर पडलेली दहा-बारा मॅगट काचेच्या बरणीत ओलसर मातीवर ठेवा, तोंडाला फडकं बांधा, तारीख लिहा. दहा-बारा दिवसांनी त्यातून जी माशी निघेल तिचा पाठीकडून फोटो इथे टाका, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. बारा दिवस होऊनही माशी निघाली नाही तर बरणी फेकू नका, अजून आठवडाभर थांबा. तीळभर आकाराचे काळे ठिपके फडक्याच्या आतून फिरताना दिसले तर बरणी शेडमध्ये न्या आणि उघडा, नेसोलिंक्स तुमच्याकडे आधीपासूनच आहे.